दोन ठोक्यांच्या मधलं काम

प्रिय थोरले,

पाकिटावर तिकीट नाही हे तू आधीच पाहिलं असशील. त्याचं कारण शेवटी येईल. मधली पानं गाळून तिथे उडी मारू नकोस. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, आणि ती मला कधीच आवडली नाही. पेन्सिलीनं लिहिते आहे, कारण मी कुशीवर पडून लिहिते आणि आडवं धरलेलं पेन चार ओळींत मान टाकतं. अक्षर वाकडं झालं आहे, डोकं नाही. सव्वीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला लिहिली नाहीस; तेवढ्यापुरती आपली फिटंफाट. बाकी कशातच नाही.

हे पत्र एका आकड्याबद्दल आहे. तेराशे बारापैकी एकोणचाळीस. तू तो विसरली नसशील. बाबा गेले त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत तुझे दोन्ही काका, आत्या, मावशी आणि शेजारची चार माणसं बसली होती. आत्या तुझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, पोरीनं बापाचं फार केलं. मी उठले, कपाटातून माझी निळी वही आणली आणि सगळ्यांसमोर उघडली. चौदा महिने तुझे बाबा मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून होते. चौदा महिने मी कचेरीतून दिवसाला चार वेळा घरी फोन केला होता आणि तो कुणी उचलला ते दर वेळी टिपलं होतं. फोन तेराशे बारा. त्यातले थोरलीनं उचललेले एकोणचाळीस. बाकी सगळे धाकटीनं. आकड्याचा अर्थ कुणाला कळला नसेल म्हणून तोही मीच सांगितला, की बापाजवळ धाकटी होती, थोरली नव्हती. आत्याचा हात तुझ्या पाठीवरून निघाला तो मी पाहिला. मला बरं वाटलं होतं.

तू एकच वाक्य बोललीस. "आई, फोन कुणी उचलला तेवढंच तू मोजलंस." मी तुला सांगितलं की उलट उत्तरं नकोत, लोक बसलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तू एक बॅग घेऊन गेलीस आणि जाताना त्यांच्या अंथरुणाच्या धुतलेल्या चादरी घडी करून पलंगावर ठेवून गेलीस. मी म्हटलं, आता कसली कामं दाखवतेस.

तुझ्या त्या वाक्यात काय होतं ते समजावं म्हणून मला माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. तू ते कधी विचारलं नाहीस. "आई कॉम्प्युटरमधे असते" असं मैत्रिणींना सांगायचीस, जणू मी त्या खोक्यात राहते आणि जेवायला बाहेर येते. मी कॉलेजात गणित शिकले आणि तीस वर्षं ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्यात घालवली. कारखान्यातल्या भट्ट्या, पट्टे, पंप यांच्यावर नजर ठेवणाऱ्या कॉम्प्युटरची. तुला कळेल अशा भाषेत सांगते. एक गाव आहे आणि गावात चूल एकच. ती चूल म्हणजे प्रोसेसर. घरं पुष्कळ, म्हणजे वेगवेगळे प्रोग्रॅम, आणि प्रत्येक घरात चार-सहा माणसं. त्या माणसांना आम्ही थ्रेड म्हणायचो. एका घरातल्या माणसांचं कपाट एक, डबे एक, पण प्रत्येकाच्या हातातलं काम वेगळं आणि शिजवायची घाई सगळ्यांनाच. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे चुलीपाशी उभी राहून पाळ्या लावणारी कजाग बाई. ती एकाला चुलीपाशी येऊ देते, क्षण संपला की त्याला बाजूला करते, किती शिजलं आणि काय घालायचं राहिलं ते टिपून ठेवते आणि पुढच्याला हाक मारते. हे इतकं भराभर चालतं की प्रत्येकाला वाटतं, चूल आपलीच.

मग प्रश्न येतो की चूल कुणी किती वापरली. आमच्या सिस्टीमची जुनी पद्धत अशी होती. घड्याळ सेकंदाला शंभर ठोके देतं. दर ठोक्याला ती बाई मान वर करते आणि बघते, चुलीपाशी कोण आहे? जो दिसेल त्याच्या नावावर अख्खा ठोका. मग तो मघापासून उभा असो की नुकताच आलेला असो. आणि दोन ठोक्यांच्या मधे जो आला, राबला आणि ठोका पडायच्या आत बाजूला झाला, त्याच्या नावावर शून्य. ऐकायला अन्याय वाटतो, पण माणसं कशीही येत-जात असली तर दिवसाअखेरी सरासरी बरोबर निघते. ही पद्धत खोटी बोलते ती एकाच परिस्थितीत. कुणाच्या कामाची लय घड्याळाच्या लयीशी जुळली, की मग सरासरी मदतीला येत नाही. मग चूक एकदा होत नाही, दर ठोक्याला तीच चूक होते, आणि तिचा आकडा इतका नेटका निघतो की शंका घ्यायची कुणाला सुचत नाही.

आमच्याकडे तसंच झालं. भट्टीचं तापमान सांभाळणारा एक मोठा थ्रेड होता. त्याला जाग यायची तीच ठोक्यानं. ठोका पडून बाईनं नोंद केली की तो उठायचा, जवळजवळ सगळा वेळ खायचा आणि पुढचा ठोका पडायच्या जरासा आधी झोपायचा. उरलेल्या चिमूटभर वेळात, रांगेत मुकाट थांबलेला एक लहानसा थ्रेड यायचा. नोंदी लिहिण्याचं काम होतं त्याचं. तो येतो न येतो तोच ठोका पडायचा. कागदावर काय दिसायचं? भट्टीवाला जवळजवळ शून्य, आणि नोंदीवाला सगळी चूल अडवून बसलेला. तो नोंदीवाला थ्रेड आमच्यातल्या एका माणसानं लिहिला होता. त्याला आम्ही गोगलगाय म्हणायचो, तोंडावर सुद्धा. साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, हा थ्रेड काढा आणि लिहिणाऱ्यालाही काढा. गोगलगाय उभा राहिला, काहीतरी पुटपुटला आणि बसला. मी म्हटलं, साहेब, तीन आठवडे द्या, हा आकडा मला फार नेटका वाटतो.

तीन आठवड्यांत मी ती मोजणी उपटून काढली. ठोक्याला कोण दिसलं हे विचारणंच बंद केलं. त्याऐवजी चुलीपाशी प्रत्येक वेळी माणूस बदलेल तेव्हा घड्याळ बघायचं: हा आला इतक्या वाजता, गेला इतक्या वाजता. काम वाढतं, सिस्टीमला दर अदलाबदलीला थोडं थांबावं लागतं, पण आकडा खरा येतो. खरा आकडा असा आला की नोंदीवाला शंभरात चार आणि भट्टीवाला शंभरात नव्वद. गोगलगाय जिन्यात रडला. मी त्याला सांगितलं की रुमाल त्यासाठीच असतो. साहेबांनी मला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं, आणि सिस्टीमच्या माहितीपुस्तकात मी माझ्या हातानं एक वाक्य घातलं: ठोक्यांच्या मोजणीवरून कोणालाही दोषी ठरवू नये.

आता नीट वाच. ते तीन आठवडे बाबांच्या आजारपणाच्या नवव्या महिन्यातले. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला चार फोन. निळ्या वहीत त्या तीन आठवड्यांच्या बहात्तर ओळी आहेत आणि बहात्तरही ठिकाणी "धाकटी" लिहिलं आहे. एका हातानं मी एका परक्या माणसाला त्या मोजणीतून सोडवत होते आणि दुसऱ्या हातानं फोन फिरवत होते.

आणि फोन कधी? अकरा, एक, तीन, पाच. त्या वेळा आठवतात? डॉक्टर म्हणाले होते, दर दोन तासांनी यांची कूस बदलायची, नाहीतर पाठ सडेल. वेळापत्रक मीच कागदावर लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं होतं: सात, नऊ, अकरा, एक, तीन, पाच, सात. आणि ते पाळलं जातं की नाही हे बघण्यासाठी मी त्याच मिनिटाला फोन करायचे. माझं घड्याळ बरोबर, तुझं घड्याळ बरोबर. एक वाजला की तुझे दोन्ही हात त्यांच्या अंगाखाली, आणि एक वाजला की बाहेरच्या खोलीत फोन. तू तो उचलायचीस तरी कसा? गेल्या आठवड्यात मी ती वही मागवून घेतली आणि तुझ्या एकोणचाळीस ओळी पाहिल्या. बहुतेकींपुढे मी वेळही टिपली आहे, कारण त्या दिवशी मलाच फोनला उशीर झाला होता. एक वाजून पंचवीस. तीन वाजून वीस. काम उरकून हात धुऊन तू मोकळी झालेली असायचीस. ज्या दिवशी मी चुकले त्या दिवशी तू सापडलीस. ज्या दिवशी आपण दोघी बरोबर होतो त्या दिवशी तू नव्हतीस.

त्या वेळी मला दिसलं नाही, असं म्हणून सुटता येईल. गोगलगाईचं दिसलं आणि तुझं दिसलं नाही, हे कोण मानेल? खरं कारण सांगते. गोगलगाईबद्दल माझं काहीच मत नव्हतं. तुझ्याबद्दल होतं. तू लहानपणापासून संथ. दूध प्यायला अर्धा तास, वेणीला अर्धा तास, विचारलं तर उत्तर नाही. धाकटी बोलकी, हसरी, हाक मारली की दारात हजर. फोनवर ती म्हणायची, मी आहे ना आई, तू काळजी करू नकोस. तुझ्याबद्दल विचारलं की म्हणायची, ताई आत आहे. मला "आत आहे" म्हणजे लोळते आहे असंच ऐकू यायचं. आकडा मी आधीच ठरवला होता, मोजणी नंतर केली. आणि तेराशे बारा वेळा माझा पहिला प्रश्न एकच होता: कोण बोलतंय? बाबा कसे आहेत, असं विचारल्याची एकही ओळ वहीत नाही.

ते गेले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. एकच्या फोनवर धाकटी म्हणाली होती, ताई वर गेलीये. वर म्हणजे गच्चीवर, त्यांच्या चादरी वाळत घालायला. त्या दिवशी त्यांनी सगळं अंथरूण घाण केलं होतं म्हणून तू साडेबारालाच कूस बदलून, पुसून, चादर बदलून मोकळी झाली होतीस. हे मला आत्ता धाकटीकडून कळलं. तेव्हा मी वहीत लिहिलं होतं: "शेवटच्या दिवशीही नाही." खाली रेघ मारली होती. डॉक्टरांनी त्यांना तपासताना उलटं केलं आणि पाठीवरून बोटं फिरवली. माझ्याकडे वळून म्हणाले, "चौदा महिने आणि एक जखम नाही? कोण बघत होतं यांच्याकडे?" तू दारात उभी होतीस, कोपरापर्यंत ओली. मी म्हटलं, "आमची धाकटी." धाकटीनं खाली बघितलं. डॉक्टर तिला म्हणाले, शाब्बास.

आता इथली खबर. मावशीनं तुला सांगितलं असेलच की मी बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळले आणि कमरेचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणतात हाड बिस्किटासारखं झालंय, स्क्रू धरत नाही. मी मागच्या खोलीत आहे, त्यांच्याच जागी. समोर भिंतीवर साहेबांनी दिलेलं ते घड्याळ, आणि त्याच्याखाली धाकटीनं चिकटवलेला कागद: सात, नऊ, अकरा, एक. अक्षर तिचं आहे, वेळा माझ्या. धाकटी सकाळी कामावर जाते, सहाला येते. दिवसासाठी तिनं एक बाई ठेवली. पन्नाशीची, तुझ्याच वयाची, हाडापेरानं मजबूत. मी तिला पहिल्या दिवशीच चार गोष्टी सुनावल्या, तर माझी कूस बदलता बदलता म्हणते, "आजी, तुमचं सगळं वजन जिभेत आहे, अंगात काही नाही." सव्वीस वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी तिला हवं तसं वळवू दिलं. कधी नव्हे ते.

तिची कामाची पद्धत सांगते, तुला त्यातलं कळतं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, स्वतःचा गुडघा पलंगाच्या कडेवर. एक, दोन, असं म्हणायची, आणि तीन म्हणायच्या आत मी वळलेली असायची. तीन ऐकलं की माणूस अंग आखडतं, असं तिचं म्हणणं. मग पाठ पुसायची, कोरडी करायची, माकडहाडापाशी वाकून अगदी जवळून बघायची, आणि शेवटी चादर चारी बाजूंनी ताणायची, कारण चादरीची एक सुरकुती दोन तासांत कातडं कापते. या सगळ्याला वीस मिनिटं. पायांच्या मधे उशी ठेवेपर्यंत ती माझ्यावरचा हात काढत नसे.

एके दिवशी ती मला वळवत होती आणि बाहेरच्या खोलीत तिचा मोबाइल वाजायला लागला. माझं तोंड घड्याळाकडे होतं. बरोबर एक. मी म्हटलं, अगं फोन. ती म्हणाली, वाजू दे, आता सोडलं तर तुम्ही जमिनीवर. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. मी तिच्या दोन हातांवर तोललेली होते, आणि मला कळलं की त्या फोनच्या या बाजूला मी आयुष्यात पहिल्यांदाच आले आहे. कुणी माझ्या डोक्यात हातोडा घातला असता तरी इतकं लागलं नसतं. तीनला फोन, पाचला फोन, दुसऱ्या दिवशी अकराला फोन. मी घड्याळाकडे बघत पडून राहायचे आणि काटा ताठ झाला की मनात म्हणायचे, हा पडला ठोका.

मी शहाणी झाले असं वाटलं ना तुला? थांब. पुढचा मंगळवार आला. धाकटी सहाला आली, माझं जेवणाचं ताट घेऊन खोलीत आली आणि उभ्या उभ्याच मोबाइल वाचायला लागली. चोपन्न वेळा फोन केला, बाईनं पाच वेळा उचलला. दारात बाई उभी होती. धाकटीनं मला विचारलं, "आई, आज एकला ही कुठे होती? तू तर इथेच होतीस." इथेच होते. तिच्या हातांवर होते. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ताट धाकटीच्या हातात होतं, आणि तिच्या कपाळावरची शीर मी ओळखते. मी म्हटलं, "मला काय माहीत? माझा डोळा लागला होता." बाईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तू जसं पाहिलं होतंस तसं, म्हणजे हिच्याकडून वेगळं काही होणार नव्हतंच, असं. धाकटी तिला म्हणाली, उद्यापासून येऊ नका. मग मला तिनं चमच्यानं भरवलं. मी सगळं खाल्लं.

दोन दिवसांनी मी धाकटीला म्हटलं, तू नेमक्या वेळेला फोन करतेस तिथे घोळ आहे, वेडीवाकडी वेळ धर, सव्वाला कर, वीस मिनिटांनी कर. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "पद्धत तुझीच आहे आई. याच पद्धतीनं तू मला चांगली ठरवलंस." मग उशीचा अभ्रा बदलता बदलता तिनं सांगितलं की तेव्हा ताईच आतून ओरडायची, माझे हात भरलेत, फोन तू घे. वास सहन व्हायचा नाही म्हणून ती स्वतः बाहेरच्या खोलीतच बसायची. म्हणाली, मला वाटायचं, तुला माहीत असेल. वही वाचलीस तेव्हा वाटलं, आता ताई सांगेल. ताईनं उलगडून सांगितलं नाही, मग मी कशाला सांगू? ती एकवीस वर्षांची होती, हे मी तिच्या बाजूनं धरते. त्यापलीकडे तिच्या बाजूनं धरायला काही नाही. पण ती माझ्याजवळ आहे आणि तू नाहीस, आणि हे मीच घडवून आणलं.

नवी बाई फोन पहिल्याच घंटेला उचलते. धाकटी खूश आहे. बाई बाहेरच्या खोलीत फोनशेजारी खुर्ची टाकून बसते, अकराला सांगते "आत्ताच वळवलं आजींना", आणि आत येते तेव्हा बाराला दहा कमी असतात, किंवा येतच नाही. चादरीला सुरकुत्या आहेत. मी ओरडले तर येऊन दार लोटून घेते. एकोणिसाव्या दिवशी माकडहाडापाशी जखम झाली. आधी बटणाएवढी होती, आता मोठ्या नाण्याएवढी आहे, मधोमध काळी. तुला माहीत आहे मग काय होतं. मला गणिताशिवाय काही येत नसलं तरी एवढं कळतं, की बाबांची पाठ ही खरी मोजणी होती. ती डॉक्टरांनी माझ्यासमोर उघडून दाखवली होती आणि मी ती दुसरीच्या नावावर घातली. आता माझी पाठ उलटा आकडा दाखवते आहे, आणि त्यात कसलीच चूक नाही.

माफी मागत नाही. माफी मागणारी माणसं समोरच्याला आणखी एक काम लावतात. आमच्या कचेरीत नियम होता की चुकीचा अहवाल फाडायचा नाही. त्यावर आडवी रेघ मारायची आणि ज्यानं तो बनवला त्यानंच सही करायची, म्हणजे चूक कुणाची ते पुढच्याला दिसतं. निळ्या वहीच्या प्रत्येक पानावर मी रेघ मारली आहे आणि सही केली आहे. अठ्ठ्याऐंशी पानं. कुशीवरून कुशीवर होत, चार दिवस लागले. वही या पाकिटाबरोबर आहे. आत्याला दाखवावीशी वाटली तरी उपयोग नाही, ती गेल्या वर्षी गेली. तिच्या लेखी तू अजून एकोणचाळीसच आहेस.

आता तिकिटाचं. हे पत्र तुझ्या हातात जिनं दिलं तीच ती बाई. आज दुपारी ती राहिलेला डबा आणि शाल न्यायला आली होती. नवी बाई फोनशेजारी पेंगत होती. ती आत आली, न विचारता माझी कूस बदलली, पाठ बघितली आणि तिचा चेहरा पडला. मी तिला म्हटलं, एक पत्र लिहून ठेवते, उद्या येऊन नेशील का. या गावात तिला आता कुणी ठेवत नाही. धाकटीनं चार घरी सांगून ठेवलंय की ही कामाच्या वेळी गायब असते, आणि पुरावा म्हणून मोबाइलमधली यादी दाखवते. मावशी म्हणते, तुझ्या इस्पितळात आजारी माणसं सांभाळायला बायका लागतात आणि तू मुख्य सिस्टर आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. म्हणून हे लिहिलं. तुझ्यासाठी लिहिलं नाही, गैरसमज नको. तुझ्यासाठी लिहायचं असतं तर सव्वीस वर्षं होती. तू इकडे येऊ नकोस. आलीस तर धाकटी विचारेल, हिला कुणी बोलावलं, आणि मी म्हणेन, मला काय माहीत, माझा डोळा लागला होता. माझ्यात तेवढीच धमक आहे, आणि मला उद्याही जेवायचं आहे. तिचा दाखला मात्र मी शुद्धीवर असताना, माझ्या हातानं, खाली लिहून देते आहे. असाच एक दाखला मी एकदा तुझ्या नावानं द्यायला हवा होता, तेव्हा दिला नाही. तो तू तिच्या नावानं वाच: ही बाई अकरा, एक, तीन आणि पाच वाजता फोन उचलत नाही. हिला कामावर ठेवावे.

तुझीच, पण हे कुणासमोर विचारलंस तर नाही म्हणणारी,
आई